जबड्याचा सांधा दुखतोय, कान नॉर्मल, दाढा नॉर्मल. दात तासून घ्यायचे का?

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल पण सगळं एकदाच लिहिते.

उजव्या कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की काहीतरी सरकल्यासारखं लागतं ना, बरोब्बर तिथे दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त, गाल जड झालेला असतो आणि ठणका पार कानशिलापर्यंत जातो, दुपारी कमी होतो आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटायच्या वेळेला परत हजर. तोंड उघडताना खट्ट आवाज तर माझा कॉलेजपासून येतो, तेव्हा मैत्रिणींना मुद्दाम करून दाखवायचे, कधीच दुखलं नव्हतं. आता जांभई आली तरी धास्ती वाटते, अर्ध्यात आवरते.

आधी वाटलं कान असेल, कारण कानात दडा बसल्यासारखं होतं मधूनच. ईएनटीने आत बघून सांगितलं कान एकदम स्वच्छ, पडदा छान, दातांचं काहीतरी असेल. डेंटिस्टने एकेका दाढेवर टकटक करून बघितलं, ओपीजी म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे काढला, कीड नाही, अक्कलदाढा आधीच काढलेल्या. ते म्हणाले रात्री दात खात असाल, नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं आवरण, बनवू. मी जरा विचार करते म्हटलं आणि दुसरं मत घ्यायला गेले तर तिथे वेगळंच. त्यांनी निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावलं, मग आरशात दाढांवरचे निळे ठिपके दाखवले आणि म्हणाले तुमचा बाईटच, म्हणजे वरचे खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, चुकीची आहे, या दोन-तीन दाढा थोड्या तासाव्या लागतील म्हणजे सांध्यावरचा ताण जाईल, नाहीच गेला तर पुढे ब्रेसेस. आता ठिपके तर मला पण दिसले! पण चांगल्या दाढा तासायच्या म्हणजे पोटात गोळा येतो हो.

तर विचारायचं असं की हा सांधाच आहे हे नक्की कसं कळतं, एमआरआय करावा का, नाईट गार्ड खरंच उपयोगी आहे का, आणि दाढा तासून कोणाला बरं वाटलंय का? शिवाय तोवर घरी काय करू? पेनकिलर घेतली की बरं वाटतं पण रोज किती घेणार.

फिजिओवाली:
मी फिजिओ आहे, असे पेशंट बरेच बघते, पण इथून निदान करणार नाही हे आधीच सांगते. तीन गोष्टी बघून सांगा. आरशासमोर हळूहळू तोंड उघडा, हनुवटी सरळ खाली जाते का एका बाजूला वळते, आणि वळली तर परत मध्यावर येते का? दुसरं, स्वतःच्याच हाताची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावतात का? जबरदस्तीने घुसवू नका. आणि तिसरं, हे वाचताय आत्ता या क्षणी तुमचे वरचे खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?

धागाकर्ती:
अगं बाई. तिसरा प्रश्न वाचला आणि बघते तर दाढा गच्च आवळलेल्या! हनुवटी आधी उजवीकडे जाते, मग खट्ट होतं आणि मध्यावर येते. बोटं अडीच मावतात, तिसरं घातलं की उजवीकडे ओढ बसते. आणि हो, गालाच्या मागच्या कोपऱ्यात दाबलं की एक गाठीसारखी जागा आहे, ती दाबली की वरच्या दाढेत कळ येते, हे आत्ताच कळलं.

फिजिओवाली:
छान बघितलंत. आता थोडं लांबलचक लिहिते.

कानाच्या पुढे खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोलगट जागेत बसतं आणि दोघांच्या मध्ये कूर्चेसारखी एक पातळ चकती असते. तोंड थोडं उघडताना ते टोक जागेवरच फिरतं, जास्त उघडलं की चकतीसकट पुढे घसरतं. हाताबोटांच्या सांध्यांसारखा हा नुसता फिरणारा सांधा नाही, म्हणून कटकटीचा. काही जणांची चकती तोंड बंद असताना जरा पुढे सरकलेली राहते. चालताना टाच चपलेवरून मागे सरकते आणि एक झटका दिला की परत चपलेवर येते, तसं उघडताना टोक चकतीवर परत चढतं तेव्हा तो खट्ट आवाज. हनुवटी आधी दुखऱ्या बाजूला वळून आवाजानंतर मध्यावर येणं याच्याशी जुळतं. असा आवाज असंख्य लोकांना असतो आणि दुखत नसेल तर त्याला काहीही करायची गरज नसते. आवाज अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड जेमतेम दोन बोटंच उघडायला लागलं तर मात्र लगेच दाखवायचं, कारण तेव्हा चकती पुढेच अडकून बसलेली असू शकते.

पण तुमचं आत्ताचं दुखणं बघता मला सांध्यापेक्षा स्नायूंचा संशय जास्त येतो. गालातला चावायचा स्नायू आणि कानशिलावरचा पंख्यासारखा स्नायू, दोन्ही दिवसरात्र आवळलेले राहिले की थकतात आणि दुखणं भलतीकडेच पाठवतात, दाढेत, कानात, डोक्यात. गाठ दाबल्यावर दाढेत कळ आली ना, तोच प्रकार. गंमत म्हणजे दिवसभरात दात एकमेकांना टेकायची खरी गरज फार थोडी असते, चावताना आणि गिळताना तेवढी. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं. न चा उच्चार करताना जीभ जिथे जाते तिथेच ठेवून द्यायची. दात सुटे ठेवा असं नुसतं ठरवून होत नाही, म्हणून स्क्रीनच्या कडेला एक रंगीत टिकली चिकटवा, नजर गेली की जबडा तपासा आणि सोडा. पहिले काही दिवस दर वेळी आवळलेलाच सापडेल, वैतागू नका.

शेक ओलसर गरम कापडाचा, दहा-पंधरा मिनिटं, गाल आणि कानशील दोन्हीवर, झोपायच्या आधी तर नक्कीच. एखाद्या दिवशी अचानक तीव्र कळ आली तर रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ. मऊ खा, छोटे घास करा, दोन्ही बाजूंनी चावा, पण महिनोनमहिने नुसतं पातळ खात बसू नका, स्नायूंना काम लागतंच. व्यायाम म्हणजे जीभ टाळूला टेकवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतपतच तोंड हळू उघडायचं मिटायचं, सहा वेळा, दिवसातून थोडं थोडं करत. खट्ट व्हायच्या आत थांबायचं. जांभई अर्ध्यात गिळू नका, हनुवटीखाली मूठ धरून येऊ द्या, म्हणजे तोंड हवं त्यापेक्षा जास्त वासत नाही.

ओमकार_नवा:
व्हिडिओत एक जण जबडा धरून कट्टकन फिरवतो आणि क्लिक कायमची बंद, करून बघा ताई.

फिजिओवाली:
अजिबात नाही!! कृपा करा. क्लिक बंद करणं हे ध्येयच नाहीये इथे.

दंतू:
डेंटिस्ट आहे, सध्या याच विषयात काम करतो. तासण्याबद्दल बोलतो, कारण तिथे घाई होऊ नये.

निळे ठिपके प्रत्येकाच्या दातांवर दिसतात, कोणाच्याही दाढा अगदी समान टेकत नाहीत. त्यातून दुखण्याचं कारण सिद्ध होत नाही. उलट चावायचे स्नायू आखडलेले असले की चावणंच बदलतं, म्हणजे आज दिसणारा बाईट महिन्याभराने तोच असेल याची खात्री नाही. या कल्पनेला इतिहास आहे. 1934 साली अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टेन नावाच्या ईएनटी डॉक्टरांनी कानदुखी, दडा, चक्कर आणि सांधा यांची सांगड घातली आणि मागचे दात पडल्यामुळे जबडा मागे दाबला जातो असं कारण दिलं. लक्षणं त्यांनी नीट टिपली होती, कारणाची मांडणी मात्र पुढे शरीररचनेच्या अभ्यासात टिकली नाही. पण दात बरोबर केले की सांधा बरा होतो ही समजूत आमच्या धंद्यात बराच काळ चिकटून राहिली. एनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण, ते एकदा तासलं की परत उगवत नाही. म्हणून दुखणं घालवण्यासाठी दाढा तासायला किंवा ब्रेसेस लावायला मी तरी नाही म्हणेन. नवीन फिलिंग किंवा कॅप उंच झाली आणि तेव्हापासून दुखतंय असं असेल तर गोष्ट वेगळी, ती तेवढी उतरवतात.

गार्डबद्दल मत थोडं मधलं आहे. गार्डने दात खाणं थांबत नाही, दात झिजायचे वाचतात. काहींना सकाळचा ठणका कमी होतो, काहींना काडीचा फरक नाही. 2023 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या अशा जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शिका आली, तिच्यात समजून घेणं, सवयी बदलणं, फिजिओच्या देखरेखीखालचे व्यायाम आणि मानसिक ताणावरची थेरपी यांना वरचं स्थान आहे, आणि काढता येणारं गार्ड, बोटॉक्स, सांधा धुणं या गोष्टी सरसकट करू नका असं आहे. सांध्यातली चकती काढायची शस्त्रक्रिया आणि दातांची ठेवण कायमची बदलणारी उपकरणं यांना तर स्पष्ट नाही. तुमचे दात झिजलेले दिसत असतील तर गार्ड घ्याच, पण सगळे दात झाकणारं, कडक, मापाचं आणि बसवून तपासलेलं. पुढच्या दोन-चार दातांवरच बसणारी छोटी उपकरणं बराच काळ वापरली तर बाकीचे दात हलू शकतात. आणि मऊ रबरी गार्ड काही जण रात्रभर चघळत बसतात, म्हणजे झालंच.

एमआरआय आत्ता नको. चकती त्यातच दिसते हे खरं, ओपीजीत फक्त हाडं दिसतात, पण चकती सरकलेली दिसली तरी उपाय तेच राहणार असतील तर कशाला. तोंड अडकायला लागलं, सूज आली किंवा काही महिने नीट उपचार करून फरक नाही, तेव्हा बघू.

माईआजी:
अगं मुली, मी हे सगळं भोगलंय. डॉक्टर सांगतील ते करच पण चिल्लर सवयी पण बघ. मला फोन खांद्यात धरून बोलायची खोड, पेनाचं टोपण चावायची खोड, पालथं झोपून गाल उशीत दाबायची खोड, एक एक सोडवली. नखं खातेस का? च्युइंगम? विचार करताना गालाखाली हात धरून बसतेस का? मी तर भांडण झालं की दातओठ खायचे आणि मग दोन दिवस जबडा धरून बसायचे, आता भांडण लगेच बोलून टाकते, जबड्याला आराम आहे, ह्यांना नाही 😄

रात्रपाळी_डॉक्टर:
थोडं गंभीर. बाकी कोणी वाचत असेल तर जबडा दुखणं म्हणजे सांधाच असं धरून चालू नका. जिना चढताना किंवा श्रमाने जबडा दुखतो, सोबत छाती दडपते, घाम येतो, दम लागतो, तर ते हृदयाचं असू शकतं, ताबडतोब इमर्जन्सी गाठा. वय पन्नासच्या वर, नव्याने कानशील दुखतंय, चावताना जबडा थकून थांबावं लागतं, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि त्यात डोळा जाऊ शकतो. शॉक बसल्यासारखी काही सेकंदांची कळ चेहऱ्यावर येत असेल तर ती नसेची. ताप, गालाला सूज, तोंड उघडतच नाही, हेही थांबण्यातलं नाही. चेहरा बधिर होणं किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर तेही लवकर दाखवा.

धागाकर्तीला विचारायचं होतं, डिप्रेशन किंवा एंग्झायटीची गोळी सुरू आहे का? त्यातल्या काहींनी दात आवळणं वाढतं. असेल तर स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. आणि घोरणं, झोपेत श्वास अडकणं, उठल्यावर फ्रेश न वाटणं असं काही असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, रात्री दात खाण्यासोबत हे बऱ्याचदा सापडतं. पेनकिलर थोडे दिवस ठीक, पोट, किडनी, बीपी बघून, डॉक्टरांना विचारूनच.

धागाकर्ती:
गोळी नाही, घोरते का ते नवऱ्याला विचारलं, तो म्हणे नाही पण रात्री करकर आवाज येतो, मला वाटलं उंदीर आहे. हे त्याने आत्तापर्यंत का सांगितलं नाही हा वेगळा विषय. माईआजी, गालाखाली हात, उजवाच!

दाढा तासायचं रद्द. आधी फिजिओ लावते, गार्डचं पहिल्या डेंटिस्टना दात झिजलेत का ते बघायला सांगून ठरवते.

धागाकर्ती:
अपडेट. सकाळचा ठणका बराच उतरलाय, तीन बोटं मावतात पण तिसरं जरा ताणून. खट्ट आवाज मात्र जसाच्या तसा. टिकलीचा उपाय फारच भारी निघाला, ईमेल लिहिताना तर मी कायमच दाढा आवळून असते असं दिसतंय, विशेषतः एकाच माणसाला लिहिताना. दातांवर झीज दिसली म्हणून कडक गार्डचं माप दिलंय. आता एक शेवटचं, पुढच्या आठवड्यात दातांची सफाई ठरलीये, तेवढा वेळ तोंड उघडं ठेवलं तर सगळं परत सुरू होईल का?

दंतू:
आवाज राहिला तरी चालेल, त्याच्या मागे लागू नका. सफाईला जा, पण बसायच्या आधीच सांगा की सांधा दुखतो. दर काही मिनिटांनी थांबायला सांगा, दाढांमध्ये धरायचा रबरी ठोकळा मागा म्हणजे तोंड उघडं ठेवायला स्वतःचा जोर लावावा लागत नाही, आणि नको वाटलं तर हात वर करायचा हे आधीच ठरवून ठेवा. शक्य असेल तर दोन बैठकांत करा, एका वेळी अर्धं तोंड. अपॉइंटमेंट सकाळची नको, तुमचा ठणका तेव्हाच असतो, दुपारची घ्या. घरी आल्यावर शेक आणि त्या दिवशी मऊ खाणं.