मदत हवी आहे : आईचा डोळा आपोआप मिटतो, गाल ओढला जातो

आईला मागे बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या एका बाजूचा अचानक होणारा लकवा) झाली होती. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, नंतर बरीचशी सुधारली. आता त्याच बाजूची पापणी फडफडते आणि ओठाचा कोपरा वर ओढला जातो. दुखत काहीच नाही, पण चारचौघांत ती बोलायचं टाळते.

न्यूरॉलॉजिस्टनी दोन शक्यता सांगितल्या. इजा झालेली चेहऱ्याची नस (मज्जातंतू) पुन्हा वाढताना तिचे तंतू भलत्याच स्नायूंना जोडले जातात, मग हसलं की डोळा मिटतो. किंवा मेंदूतून नस बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबत राहते आणि नस विनाकारण संदेश सोडते. आईला हसता-बोलताना होतं, तसंच नुसती बसलेली असतानाही, अगदी झोपेतसुद्धा. त्यामुळे दुसरी शक्यता तपासायला एमआरआय करायचा आहे.

बोटॉक्सची (स्नायू सैल करणारी) इंजेक्शनं कुणी घेतली आहेत का? असर साधारण ३ ते ४ महिनेच टिकतो हे माहीत आहे, पण तोंड वाकडं दिसणं, डोळा नीट न मिटणं असा त्रास झाला का? रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया कुणाच्या घरी झाली असेल तर ऐकण्यावर परिणाम झाला का, तेही सांगा. घरगुती उपाय मात्र कृपया नकोत.