मदत हवी आहे : महाराष्ट्रातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मोजायचे कसे?

जिल्हावार मनुष्यबळाचा अंदाज काढायचा आहे. आधार म्हणून या मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदवहीच घ्यावी लागते, पण गोची तिथेच आहे. नोंदणी ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्यामुळे मुदत संपलेले क्रमांक धरले तर आकडा फुगतो, वगळले तर काम सुरू असूनही नूतनीकरण रखडलेले सुटतात. पत्ताही बऱ्याचदा मूळ गावचा. म्हणजे नोंद साताऱ्यात, ओपीडी पुण्यात! लग्नानंतर आडनाव बदललं की नावावरून जुळवणी फसते, म्हणून नोंदणी क्रमांकानेच जुळवतोय.

क्लिनिकल सायकॉलॉजीतले एम.फिल. आणि साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) एका रकान्यात, पीडीसीपी (क्लिनिकल सायकॉलॉजीची व्यावसायिक पदविका) झालेले आणि पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ वेगळे. नुसतं एम.ए. करून समुपदेशन करणारे या नोंदवहीत येतच नाहीत, त्यांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली धरायचं.

विचारायचंय ते असं : मुदत संपून किती महिने झालेला माणूस 'कार्यरत' धरावा? मी ६ धरतोय, पण त्याला ठोस आधार नाही. आणि दोन जिल्ह्यांत बसणाऱ्याला डोकी मोजून १ धरावं, की आठवड्याच्या तासांनी विभागावं? असं सर्वेक्षण कुणी केलं असेल, तर तुमच्या प्रश्नावलीत तास कसे विचारलेत, तेवढा मजकूर टाकलात तरी चालेल.