ड्यूअल १२१९: शेवटी शेवटी उजवा स्पीकर फाटतो, अँटी-स्केट किती ठेवू?

सांगलीकर३३:
थोरले काका नोकरीला जर्मनीत होते, तेव्हा १९७१ साली त्यांनी हा टर्नटेबल आणला. बरीच वर्षं माळ्यावर होता. दिवाळीत खाली काढला, आतलं रबरी चाक पुसलं, नवी ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) बसवली, सुईवर वजन २ ग्रॅम लावलं. बाहेरच्या बाजूला सुरेख वाजतो. पण सुई तबकडीच्या आतल्या भागात आली की उजवीकडचा आवाज फाटतो, डावीकडचा स्वच्छ. भीमसेनजींची एलपी आहे, त्यात द्रुत सुरू झाली की तार सप्तकातली प्रत्येक तान खरखरते. अँटी-स्केटच्या, म्हणजे सुईचा आर्म मध्याकडे जाऊ नये म्हणून बाहेर ओढणाऱ्या, चकतीवर गोल आणि लांबट अशा दोन खुणांचे आकडे आहेत. मी गोल खुणेच्या २ वर ठेवलंय. पण ० ते ३ कुठेही फिरवा, फरक शून्य. कार्ट्रिजच खराब आली का? काका ८१ वर्षांचे आहेत, त्यांना एकदा नीट ऐकवायचंय.

रेकॉर्डवाला_ठाणे:
खाचा नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर सुई टेकवा. आर्म आत सरकला तर अँटी-स्केट वाढवा, बाहेर गेला तर कमी करा.

तानपुरा_पुणे:
ठाणेकर, त्यावर विसंबू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर सुई फक्त टोकावर टेकते, खाचेत दोन्ही भिंतींना घासते. घर्षणच वेगळं, मग मापही वेगळं येतं.

सांगलीकर, कार्ट्रिजला दोष देऊ नका. आर्मच्या टोकाशी कार्ट्रिज तिरकी बसवलेली असते, त्यामुळे खाच सुईला ओढते तेव्हा आर्म मध्याकडे खेचला जातो. आतली भिंत डाव्या चॅनलची, बाहेरची उजव्याची. सुई आत रेलली की बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते आणि उजवा फाटतो. शेवटी जास्त का? फेरे तेवढेच, पण घेर लहान. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत २१च. नागमोडी वळणं तेवढ्यात दाटीने बसवलेली असतात. दोन्ही बाजू सारख्या फाटल्या असत्या तर मी आधी कार्ट्रिजचा कोन तपासायला सांगितलं असतं.

चकती फिरवून काहीच होत नाही, म्हणजे तिचा जोर आर्मपर्यंत पोचतच नाही. आधी हे करा: वजनाची चकती ० वर आणा, मागचं वजन फिरवून आर्म आडवा तरंगता ठेवा. सुईला कव्हर घाला. आता अँटी-स्केट ३ वर न्या. आर्म आपसूक बाहेर, स्टँडकडे सरकायला हवा. नाही सरकला तर खालची तरफ जुन्या ग्रीसने चिकटली आहे.

माझ्या १२१९ मध्ये हेच झालं होतं. मी महिनाभर वजनच वाढवत बसलो, आणि आईच्या नाट्यसंगीताच्या तबकडीची एक बाजू त्यात कायमची गेली. तेवढं मात्र करू नका.

सांगलीकर३३:
तरंगता ठेवला, ३ वर नेलं. ढिम्म हलला नाही.

तानपुरा_पुणे:
मग प्लग काढा, आर्म स्टँडला बांधा, वरची जड ताटली उतरवा आणि यंत्र लाकडी पेटीतून उचला. अँटी-स्केटच्या चकतीखालची तरफ आणि बारीक स्प्रिंग शोधा. ग्रीस मधासारखं पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं दिसेल. कानातल्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. स्प्रिंग ताणू नका, ती पुन्हा मिळत नाही. आणि तुमची सुई लंबवर्तुळाकार आहे, तेव्हा लांबट खुणेचे आकडे बघायचे.

सांगलीकर३३:
दादा, अगदी तस्संच होतं! ग्रीस नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. आता ३ वर आर्म सावकाश बाहेर जातो. लांबट २ वर ठेवलंय. समोरून भिंग लावून पाहिलं, वाजताना सुईची दांडी आधी किंचित उजवीकडे कललेली असायची, आता सरळ आहे. द्रुतही स्वच्छ. मुद्दाम ३ वर नेलं तर डावा खरखरतो, म्हणजे २ बरोबर ना?

तानपुरा_पुणे:
बरोबर. तिथेच राहू द्या. लिव्हरने सुई खाली आणताना आर्म केसभर बाहेर जाईल, घाबरू नका. पण काकांना तुमची ती एलपी लावण्याआधी सुई ब्रशने मागून पुढे झाडून घ्या, खाचांमधली एवढ्या वर्षांची धूळ टोकाला बसलेली असेल.

सांगलीकर३३:
झाडली. काका रविवारी येतायत.