फ्रेंच कोंदिसियोनेल पासे: "मी आले असते" कसं म्हणायचं?

बोलघेवडी
डेल्फ बी१ची (फ्रेंचच्या परीक्षेची) तयारी चालू आहे आणि गाडी कोंदिसियोनेल पासेवर, म्हणजे "केलं असतं, गेले असते" या रूपावर, येऊन अडलीये. आव्हवार (जवळ असणे) नाहीतर एत्र (असणे) हे सहाय्यक क्रियापद घ्यायचं, ते कोंदिसियोनेलमध्ये चालवायचं आणि पुढे पार्तिसिप पासे (केलेलं, गेलेलं असं रूप) चिकटवायचं, इथपर्यंत ठीक, जोरे फिनी (मी संपवलं असतं), ज सरे पार्ती (मी निघाले असते) वगैरे जमतंय. पण "मला माहीत असतं तर मी आले असते" यात आपल्याकडे दोन्ही बाजूला असतं-असते आहे, मग फ्रेंचमध्ये "सी जोरे स्यू" (सी म्हणजे जर) का चालत नाही?? आणि एत्रवाल्या क्रियापदांची ती लांबलचक यादी घोकण्यापेक्षा काही सोपी युक्ती आहे का? शिवाय हे कोणी खरंच बोलतं का, की नुसतं परीक्षेपुरतं आहे तेही सांगा.

शब्दखुळा
घोळ मराठीमुळेच होतोय. आपण अट आणि परिणाम दोन्हीला एकच रूप देतो, फ्रेंच देत नाही. अटीच्या सी नंतर कोंदिसियोनेल येतच नाही, तिथे प्ल्यूस-क-पार्फे, म्हणजे आव्हवार किंवा एत्रचा अँपार्फे (अपूर्ण भूतकाळ) आणि पार्तिसिप. तुझं वाक्य होईल "सी जाव्हे स्यू, ज सरे व्हन्यू". तू बाई असशील तर लिहिताना व्हन्यूच्या शेवटी एक ई वाढव, उच्चार तोच राहतो.

"सी जोरे" फ्रेंच पोरंही सर्रास म्हणतात बरं का, म्हणून त्यांना शाळेत "ले सी नेम पा ले रे" असं घोकायला लावतात, म्हणजे सी ला रे (जोरे, सरे यांचा शेवट) आवडत नाही. मात्र सी चा अर्थ "की नाही" असा असेल तर रे बिनधास्त येतो: "ज न से पा सिल ओरे आक्सेप्ते", त्याने होकार दिला असता की नाही माहीत नाही. इथे अट नाहीये ना, म्हणून.

उंटावरचा शहाणा
यादीबद्दल. मराठी वाक्य आधी मनात म्हणून बघायचं. "मी चिठ्ठी लिहिली असती", "मी पुस्तक वाचलं असतं", इथे क्रियापद मी कडे ढुंकून बघत नाही, कर्माप्रमाणे बदलतं. असं झालं की डोळे मिटून आव्हवार: जोरे एक्री, जोरे ल्यू. "मी गेलो असतो, ती गेली असती, आम्ही पडलो असतो" असं कर्त्याप्रमाणे बदललं तर एत्रची शक्यता आहे, आणि एत्र लागलं की फ्रेंच पार्तिसिपही कर्त्याप्रमाणेच बदलतो, एल सरे पार्ती मध्ये जादा ई, अनेकवचनात एस.

याचा खरा फायदा सोर्तीर (बाहेर पडणे किंवा काढणे), देसाँद्र (उतरणे) वगैरे दोन्हीकडे नाचणाऱ्या मंडळींत होतो. "मी बाहेर पडलो असतो" म्हणजे ज सरे सोर्ती, पण "मी गाडी बाहेर काढली असती" म्हणजे जोरे सोर्ती ला व्वात्यूर. यादी वाचून हे कधीच लक्षात राहत नाही.

शब्दखुळा
युक्ती छान आहे पण उलटी वापरू नका. झोपलो असतो, हसलो असतो, धावलो असतो हे सगळं मराठीत कर्त्याप्रमाणे चालतं आणि फ्रेंचमध्ये आव्हवार घेतं, जोरे दोर्मी, जोरे री, जोरे कुर्यू. "जिना उतरले असते" पण तसंच, जिना हे कर्म झालं म्हणून जोरे देसाँद्यू लेस्कालिये. आणि स्वतःवर होणारी क्रिया असेल, स लाव्हे (स्वतःला धुणे), स पेन्ये (केस विंचरणे), तर मराठीत काहीही असो, एत्रच: "मी केस विंचरले असते" म्हणजे ज म सरे पेन्ये.

रात्रपाळी
बोलण्यात वापरतात का म्हणे! रोज वापरतात. जोरे द्यू, जोरे प्यू, जोरे व्हुल्यू ही तीन आधी तोंडात बसवा, कारण करायला हवं होतं, करता आलं असतं, करायची इच्छा होती, हे सगळे उसासे यांच्यावरच चालतात. टोमणे पण. "त्यू ओरे प्यू म प्रेव्हनीर", म्हणजे मला आधी सांगता आलं असतं की तुला, असं कोणी म्हणालं तर समजा की समोरचा रागावलाय, व्याकरण तपासत बसू नका.

आणि बातम्या ऐकताना सांभाळा. "ल मिनिस्त्र ओरे देमिसियोने" याचा अर्थ मंत्र्याने राजीनामा दिला असता असा नाही, तर दिल्याचं कळतंय, पण खात्री झालेली नाही, असा आहे. मराठी पेपरात "दिल्याचे समजते" लिहितात ना, अगदी तेच. सी कुठेच दिसत नाही आणि तरी रे दिसतोय, तर आधी ही शंका घ्या. बी१च्या श्रवणातही कामी येईल.

बोलघेवडी
वा, चिठ्ठीवाली युक्ती लगेच वहीत उतरवली. अजून एक, "तेव्हा अभ्यास केला असता तर आज डॉक्टर असते" यात दुसऱ्या भागात पण पासेच का? आणि जोरे ऐकलं की भविष्यकाळातला जोरे आहे की हा, ते कसं कळतं?

उंटावरचा शहाणा
नाही, परिणाम आजचा आहे तर साधा कोंदिसियोनेल: "सी जाव्हे एत्युदिये, ज सरे मेदसँ ओझुरद्वी". अट कालची आणि परिणाम आजचा, असं बिनदिक्कत चालतं.

जोरेचं म्हणशील तर लिहिताना भविष्यातल्याला शेवटी एस नाही, याला आहे. उच्चारात पूर्वी बारीक फरक करायचे, आता बरेच जण करत नाहीत, त्यामुळे कानावर भरवसा ठेवू नकोस, संदर्भ बघ. मराठी करून पाहिलंस तरी सुटेल, "संपवलं असेल" निघालं तर भविष्य, "संपवलं असतं" निघालं तर हा. ही अडचण फक्त ज (मी) ला आहे, बाकीच्यांना नाही, त्यू ओरा आणि त्यू ओरे, नू ओरों आणि नू ओरियों वेगळे ऐकू येतात.