मदत हवी आहे : संध्याकाळचा स्वयंपाक झटपट होतो, पण चव सपाट लागते

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न याआधीही कुणीतरी विचारला असणार. शोधून पाहिलं. जे धागे सापडले त्यांत 'झटपट' म्हणजे आदल्या रात्री भिजवायचं, सकाळी वाटायचं, दिवसभर आंबवायचं आणि मग संध्याकाळी दहा मिनिटांत तयार! म्हणून नवीन धागा काढतोय.

घरात पाच माणसं. आम्ही दोघंही नोकरी करतो, बायकोची कामाची पाळी उशिरा संपते, त्यामुळे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळचं माझ्याकडे. घरात पाऊल ठेवल्यापासून ताटं वाढेपर्यंत फार तर पाऊण तास, आणि त्यातच मुलांचा अभ्यास. वडिलांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. धाकटीला तिखट चालत नाही, थोरल्याला तिखटाशिवाय चालत नाही.

पोट सगळ्यांचं भरतं, तक्रार ती नाही. पण कुठलीही भाजी करा, सगळ्यांची चव एकसारखी. किंचित कच्चट, किंचित पाणचट. माझी पद्धत अशी : कांदा चिरून तेलात टाकतो, जरा मऊ पडला की टोमॅटो, मसाला, भाजी, पाणी, वर झाकण. मसूर किंवा दुसरी डाळ असेल तर हेच सगळं एकदम कुकरात. सुट्टीच्या दिवशी बायको त्याच डब्यांतले तेच मसाले वापरते आणि जिन्यापर्यंत वास जातो.

तर वेळ नेमका कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये? सुट्टीच्या दिवशी काय करून ठेवता येईल, जे खरंच टिकतं? आणि मीठ कमी करूनही चव कशी आणायची? 'बाहेरून मागवा' हे कृपया सांगू नका, ते मला रोज आपसूकच सुचतं.

— मधली_पाळी

अर्धा_चमचा :
आधी दोन गोष्टी सांगा. कांदा किती वेळ परतता? आणि कढई केवढी आहे?

मधली_पाळी :
चार-पाच मिनिटं. कढई मध्यम. पाच जणांची भाजी टाकली की काठोकाठ भरते, ढवळताना दोन-चार तुकडे ओट्यावर पडतातच.

अर्धा_चमचा :
मग रोग इथेच आहे. तुम्ही भाजी परतत नाही, उकडता.

कढईत पाणी आहे तोवर आतलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. आपण ज्याला खरपूस म्हणतो तो वास आणि तांबूस रंग जोमाने यायला साधारण 140 अंश लागतात. कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असतं. ते उडाल्याशिवाय रंग धरत नाही, मग तुम्ही कितीही ढवळा. काठोकाठ भरलेल्या कढईत भाजीला सुटलेलं पाणी उडायला जागाच नसते, भाजी त्याच वाफेत शिजते. वर तुम्ही झाकणही ठेवता.

पाच मिनिटांत कांदा तांबूस होतो असं लिहिणाऱ्या पाककृतींवर माझा विश्वास नाही. मध्यम आचेवर किलोभर कांद्याला पाऊण तास तरी लागतो. म्हणूनच हे काम संध्याकाळी करायचंच नाही. सुट्टीच्या दिवशी किलो-दीड किलो कांदा पातळ उभा चिरायचा, जाड बुडाच्या कढईत तेलावर टाकायचा आणि बाकीची कामं करता करता मधून मधून हलवायचा. बुडाला तांबूस थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडून तो खरवडून घ्यायचा, सगळा अर्क त्या थरात असतो. किलोभराचा शेवटी मोठी वाटीभर उरतो. गार झाला की बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठल्यावर वड्या पिशवीत काढा. रोजच्या भाजीला दोन-तीन वड्या पुरतात.

काही जण चिमूटभर खायचा सोडा घालतात. रंग लवकर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो. रश्शाला चालेल. तुमच्या वडिलांसाठी मात्र नको, सोड्यातही सोडियम असतं.

आणि भाजी दोन खेपांत परता. पहिली काढून ताटलीत ठेवा, मग दुसरी. दुप्पट वेळ लागेल असं वाटतं, तेवढा लागत नाही, कारण मोकळ्या कढईत रंग पटकन येतो. तुकडे टाकल्यावर मिनिटभर हात लावू नका. चुरचुर आवाज चालू राहिला पाहिजे. आवाज बसून रटरट सुरू झाली की समजायचं, पाणी सुटलं.

शिट्टीवाली :
वरच्या सगळ्याला +१. कुकरबद्दल माझे दोन शब्द.

दादा, टोमॅटो डाळीबरोबर कुकरात टाकू नका. आंबटामुळे डाळ आणि कडधान्यं मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून शिट्ट्या वाढतात आणि तरीही दाणा कचकचतो. डाळ नुसती हळद घालून शिजवा. दुसऱ्या शेगडीवर तोवर कांद्याच्या वड्या, लसूण, मसाला, टोमॅटो. टोमॅटोला तेल सुटेपर्यंत थांबायचं, मग दोन्ही एकत्र करून पाच मिनिटं उकळी. दोन शेगड्या एका वेळी चालतात, त्यामुळे घड्याळात काही वाढत नाही.

कुकरात पूर्ण दाब आला की पाणी 120 अंशांच्या आसपास तापतं, म्हणून लवकर शिजतं. पण शिट्टीबरोबर मसाल्याचा वासही बाहेर जातो. शिट्टी होताना घरभर छान वास येतो ना, तेवढा ताटातून कमी झाला म्हणायचं! मसाल्यांचा सुगंध तेलात जास्त उतरतो, पाण्यात कमी. म्हणून अख्खे मसाले गरम तेलात तडतडू द्यायचे आणि पूड अगदी शेवटी, गॅस बारीक करून. पूड काही सेकंदांत जळते, तेव्हा चमचाभर पाणी किंवा चिरलेला टोमॅटो हाताशी हवाच.

हरभरे, राजमा मी एकदम जास्त शिजवून त्यांच्याच थोड्या पाण्यासकट गोठवते. राजम्याबद्दल एक पक्कं : रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा किंवा कुकरात पूर्ण शिजवायचा. अर्धकच्च्या राजम्यातला एक घटक पोट चांगलंच बिघडवतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो कच्चा टाकून दिवसभर ठेवून देऊ नका, तिथे पुरेशी उष्णता मिळत नाही.

जुना_जाणता :
फ्रीझरमधून काढून खायचं म्हणजे शिळंच खायचं. आमच्या वेळी सगळं ताजं व्हायचं. मनात आणलं तर वीस मिनिटांत होतो स्वयंपाक.

शिट्टीवाली :
काका, पाच जणांचा, वीस मिनिटांत? भाजी कोण निवडून ठेवायचं आणि भांडी कोण घासायचं, तेही लिहा की.

निर्जंतुक :
भांडण थांबवतो. काकांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही, फक्त बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलंय. उणे 18 अंशांवर जंतू वाढत नाहीत. फार दिवसांनी चव उतरते, पण अन्न धोक्याचं होत नाही. गडबड होते ती फ्रीझरपर्यंत पोचण्याआधी, ओट्यावर.

भाताचं उदाहरण घ्या. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवायचा नाही. पसरट ताटात मोकळा करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करा, तोही एकदाच. फ्रीजचं तापमान 5 अंशांच्या आत असू द्या. शिजवलेल्या भाज्या, डाळी तीन दिवसांत संपवा, त्यापुढचं लागणार असेल तर पहिल्याच दिवशी गोठवा.

दुसरं, लसणाबद्दल. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची एक टूम निघालीय. करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझमचा (जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा) जंतू वाढू शकतो. वास, रंग, चव काहीच बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. लसूण-आल्याचं वाटण करायचं असेल तर खुशाल करा, पण चमच्या-चमच्याने गोठवा.

अर्धा_चमचा :
लसणाचं बरं झालं लिहिलंत. मी हे कुणालातरी सुचवणारच होते.

बिनमिठाची_आजी :
मिठाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरात बरीच वर्षं हेच चाललंय.

सगळ्यांचं जेवण अळणी करायची गरज नाही. मीठ घालायच्या आधी वडिलांचा वाटा वेगळ्या पातेलीत काढा. त्यांच्या मिठाची चिमूट अगदी शेवटी, वरून भुरभुरवा. आत मुरलेल्या मिठापेक्षा वरचं मीठ जिभेला आधी कळतं, त्यामुळे कमी पुरतं. आंबट तर मिठाची निम्मी उणीव भरून काढतं, पण लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. उकळत ठेवलंत तर वास जातो आणि मागे कडवट चव राहते. भाजलेल्या जिऱ्याची ताजी पूड, बारीक चिरलेली कोथिंबीर, खरपूस लसूण, यांनीही खूप फरक पडतो. कुटलेले मसाले वर्षभर जुने असतील तर ते नुसता रंग देतात. डबा उघडून हुंगा, वास आला नाही तर भाजीलाही येणार नाही.

बाटल्या-पाकिटांवर मात्र डोळा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच जवळपास 900 मिलिग्रॅम निघतं. तयार मसाल्यांतही मीठ असतं, पाकिटाची मागची बाजू वाचा. आणि बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

थोरल्याच्या तिखटाची काळजी सोडा. पळीभर गरम तेलात लसूण, गॅस बंद करून तिखट, आणि ती पळी सरळ त्याच्या वाटीवर. रोज ताजं करा, दोन मिनिटांचं काम. धाकटीची वाटी तशीच राहील.

मधली_पाळी :
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कांद्याचं सुट्टीच्या दिवशी करेन. आज फक्त दोन खेपांचं करून पाहिलं, फ्लॉवरवर. तुरे मोकळे टाकले, झाकण नाही, चमचा हातात असूनही लावला नाही (हे सगळ्यात अवघड). बुडाकडची बाजू गडद तपकिरी झाली, देठ आतून जरा करकरीत राहिले. मसाला शेवटी, लिंबू गॅस बंद केल्यावर. धाकटी ताटलीत काढून ठेवलेल्या पहिल्या खेपेतलेच तुरे उचलून खात होती, त्यामुळे दुसरी खेप होईपर्यंत पहिली निम्मी संपली होती. वडिलांनी मीठ मागितलं नाही. थोरला म्हणाला, तिखट कमी आहे. पळीचं आज विसरलो.

वेळ मात्र जास्त लागला. त्यात चिरण्यातच बराच गेला. आणि फ्रीझर लहान आहे, वरच्या कप्प्यात डबे मावत नाहीत. काय करता येईल?

शिट्टीवाली :
डबे नकोच. जाड पिशवीत भरून हवा काढायची आणि आडवी चपटी गोठवायची. गोठल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या लावा, कप्प्यात दुप्पट मावतं. चपटी पिशवी कोमट पाण्याच्या परातीत ठेवली की काही मिनिटांत सुटते, आणि लगेच कढईत जाते. डब्यातला गोळा तासभर दगड होऊन बसतो. पिशवीवर नाव आणि तारीख आधीच लिहा. भरल्यावर ओल्या पिशवीवर पेन उठत नाही, आणि गोठल्यावर मसूर कुठला नि टोमॅटोचा रस्सा कुठला हे ओळखणं फार कठीण.

अर्धा_चमचा :
चिरण्याचं म्हणाल तर गाजर, घेवडा, कोबी आदल्या रात्री चिरून कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवले तर काही बिघडत नाही. बटाटा काळा पडतो, तो पाण्यात ठेवा. टोमॅटो आणि काकडी आधी चिरू नका, पाणी सुटतं. आणि रोज चार प्रकार करायचा अट्टहास सोडा. एक डाळ किंवा अंडी, एक नीट परतलेली भाजी, भात. पाच माणसांना पुरे आहे. यावर कुणी नाक मुरडलं तर पुढच्या संध्याकाळी त्याच्या हातात सुरी द्या.

मधली_पाळी :
सुरीचं आवडलं. एक शेवटचं : तयार गोठवलेले वाटाणे, मके वगैरे आधी वितळवून घ्यायचे की तसेच टाकायचे?

अर्धा_चमचा :
तसेच. कढई चांगली तापू द्या आणि थोडे थोडे टाका, एकदम पिशवी उपडी केलीत तर कढई गार पडते आणि पुन्हा उकडणंच होतं. वाटाणे गोठवण्याआधी वाफवलेले असतात, त्यांना तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली.