पाझुझूला सैतान म्हणणाऱ्यांनो, ती कडी बघितली का?

विटेवरची_अक्षरं
परवा एका ग्रुपवर पाझुझूचा फोटो फिरत होता. खाली लिहिलेलं, 'मेसोपोटेमियाचा (म्हणजे प्राचीन इराकचा) सैतान, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर दुष्काळ नि टोळधाड आणणारा, याचा फोटो मोबाईलमध्येसुद्धा ठेवू नका'. आणि खाली सगळे हात जोडून बसलेले.

अरे, ती पुतळी पॅरिसच्या लूव्र म्युझियममधली, ब्राँझची, जेमतेम 15 सेंमी उंच, आणि डोक्यावर कडी आहे. कडी कशाला? टांगायला! ज्याची नुसती भीतीच वाटते त्याला कोण घरात टांगून ठेवतं? पाठीवर कोरलंय की मी पाझुझू, हन्पाचा मुलगा, दुष्ट लिलू भुतांचा राजा. लिलू म्हणजे वाऱ्यावरची भुतं, ती त्याला टरकून असतात म्हणून तर त्याला बोलवायचं. एका मंत्रात तो स्वतःच सांगतो की डोंगरावर मला वारे भेटले, मी एकेकाचे पंख मोडले. असिरियातल्या, म्हणजे उत्तर इराकमधल्या जुन्या राज्यातल्या, गरोदर बायका त्याचं मुंडकं गळ्यात घालायच्या, लामाश्तू नावाच्या दुष्ट देवतेने पोटातलं किंवा पाळण्यातलं पोर नेऊ नये म्हणून. मग 1973 साली एक्झॉर्सिस्ट सिनेमा आला आणि पोरं राखणारा हा गडी थेट एका पोरीच्याच अंगात घुसवला. तेव्हापासून बिचारा बदनाम आहे तो आहेच.

रोखठोक_नागपूर
'दुष्ट भुतांचा राजा' हे त्याच्याच पाठीवर लिहिलंय न भाऊ, मी थोडीच लिहिलं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, गल्लीतल्या एका दादाला ते महिन्याला पैसे द्यायचे म्हणून बाकीची पोट्टी त्रास देत नव्हती. तो दादा काय समाजसेवक होता का? आम्ही घरात त्याचं नाव हळू आवाजात घ्यायचो. तुमचा पाझुझू तोच. वरून ध्यान बघा, कुत्र्यासारखं थोबाड, चार पंख, विंचवाची नांगी, गरुडाचे पंजे, आणि खाली जे सापाचं तोंड आहे त्याबद्दल लिहीत नाही, इथे लेडीज आहेत.

कोकणी_वारा
नैर्ऋत्येचा वारा दुष्काळ आणतो म्हणे 😂 आमच्याकडे तो जूनमध्ये आला नाही तर दुष्काळ पडतो.

विटेवरची_अक्षरं
@कोकणी_वारा इराकच्या नैर्ऋत्येला अरबस्तानचं वाळवंट आहे हो, समुद्र नाही.

सुमीआजी
लेडीज आहेत म्हणजे काय? लेकीकडे गेले होते तेव्हा लूव्रमध्ये ती पुतळी मी डोळ्यांनी बघितली आहे, सापासकट.

आता मुद्दा. माझ्या सासूबाई पाचवीला पाटा पूजायच्या, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून कोरा कागद ठेवायच्या, आणि तेच बाळ रात्रभर रडलं की सटवाईनेच काहीतरी केलं असंही म्हणायच्या. वर शेजारणीशी भांडताना तिला 'सटवी' म्हणायच्या! देवी तीच, भीती तीच, शिवी तीच. एकदा मी विचारलं की ही नक्की चांगली की वाईट, तर म्हणाल्या, 'तुला तिच्याशी सोयरीक करायची आहे का? पूज आणि गप बस.' त्या गेल्याला वीस वर्षं झाली, पण याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

रोखठोक_नागपूर
झालं. बॅबिलोनवरून निघालेली गाडी पाचवीच्या पाट्यावर.

गावरहाटी
नाही पण आजींचं बरोबर आहे, खरा घोळ 'राक्षस' या शब्दाने केलाय. मराठीत कुठलंही शिंगवालं पंखवालं दिसलं की राक्षस लिहून मोकळे. आमचा वेताळ भुतांचा राजाच ना? मग गावाची राखण कोण करतं? वेताळच. गोव्यात तर बेताळाची देवळं आहेत. मग पाझुझूला वेताळ म्हणा.

विटेवरची_अक्षरं
वेताळ म्हटलं तर वाचणाऱ्याला झाडाला लटकलेलं प्रेत आणि विक्रम राजा आठवणार, नको.

गावरहाटी
तुम्हा शहरवाल्यांचा वेताळ पुस्तकातला. आमचा देवळात आहे. पिढ्यान्‌पिढ्या नारळ देतोय आम्ही आणि तुम्ही 'नको' म्हणणार? एवढा माज?

प्राचीन_सत्य
मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही. असुर म्हणजेच अश्शूर, असिरियावाले. पुराणात जे लिहिलंय ते याच लोकांबद्दल.

विटेवरची_अक्षरं
आला! याची वाटच बघत होतो. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय, पारशांच्या अवेस्ता ग्रंथात तोच शब्द अहुर. अश्शूर हे सेमिटिक भाषेतलं शहराचं नि त्याच्या देवाचं नाव. आवाज जुळला म्हणून नातं लागत असेल तर काका आणि काकडी सख्खी भावंडं.

प्राचीन_सत्य
विदेशी चष्मा काढा आधी. बाकी चालू द्या.

फोर्टातला_कारकून
भांडण थांबवून एक सांगतो. फोर्टातल्या एका अग्यारीच्या दारात माणसाच्या डोक्याचे पंखवाले बैल आहेत, रोज तिथून ऑफिसला जातो. मूळ असिरियन राजवाड्यांच्या दारातले, मग इराणी राजांनी उचलले, त्यांच्या पर्सेपोलिसच्या महालात आहेत, ते बघून पारशांनी आपल्या अग्यारीवर घेतले. अर्धा बैल अर्धा माणूस बघून आजवर कोणी पळालेलं दिसलं नाही, उलट सावलीला टॅक्सीवाले उभे असतात.

विटेवरची_अक्षरं
हेच तर! बॅबिलोनच्या सृष्टीच्या गोष्टीत समुद्रदेवी तिआमतच्या फौजेत अकरा अक्राळविक्राळ जाती होत्या, विंचूमाणूस, मासामाणूस, बैलमाणूस, आणि उगल्लू, सिंहाचं डोकं, गाढवाचे कान, पक्ष्याचे पाय. नावाचा अर्थच मोठं वादळ, त्यांच्या भाषेत दिवसाला आणि वादळाला एकच शब्द, ऊमू. बॅबिलोनचा देव मार्दुक, त्याने सगळ्यांना हरवलं आणि त्यांच्या मूर्ती अप्सूच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या, दाराशी उभ्या केल्या. पुढे निनवेला असिरियाचा राजा अशुरबनिपालच्या महालात दाराशी उगल्लूच खंजीर घेऊन उभे. हरलेला शत्रू वॉचमन झाला.

अन्झू या राक्षसी पक्ष्याचं उलटं. जुन्या सुमेरियन गोष्टीत लुगलबंदा नावाचा वीर त्याच्या पिल्लाला खाऊ घालतो, सजवतो, तर तो खूश होऊन वाऱ्यासारखं पळायचं वरदान देतो. नंतरच्या गोष्टीत तोच एन्लिल देवाची नशिबाची पाटी चोरतो आणि निनुर्ता देवाच्या हातून मरतो.

रोखठोक_नागपूर
पण लामाश्तू? तिला काय म्हणणार, गैरसमज झालेली मावशी?

विटेवरची_अक्षरं
नाही, ती खरंच वाईट. आभाळाचा देव अनूची मुलगी असून आभाळातून हाकललेली, पोरं मारायला तिला कुठल्या देवाचा हुकूम लागत नाही. ते मान्य.

सुमीआजी
तरी तिला घालवताना फणी नि चाती द्यायचे ना? कुठेतरी वाचलंय.

विटेवरची_अक्षरं
हो आजी, आणि होडी. गाढवावर बसवून नदीने पाठवणी.

सुमीआजी
म्हणजे ओटी भरून बोळवण. वाईटालाही रिकाम्या हाताने लावत नव्हते बघा.

रोखठोक_नागपूर
बरं बाबा, पाझुझू सैतान नाही. गुंड. सोसायटीने ठेवलेला गुंड. झालं समाधान? याच्यापुढे एक इंच सरकणार नाही.

विटेवरची_अक्षरं
गुंड चालेल.

सुमीआजी
नातसुनेला सातवा महिना आहे. तसं लॉकेट कुठे मिळेल का?

रोखठोक_नागपूर
आजी, सापाचं काय करणार?

सुमीआजी
गळ्यात नुसतं मुंडकंच घालायचे, वर लिहिलंय. वाचत जा.