तलावातला गाळ काढायचाय: आधी कुणाला बोलवायचं?

माळकरी_शेतकरी
यंदा गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचं घाटतंय. पहिल्या बैठकीत यादी झाली ती अशी: सरपंच, पोकलेनवाला, डिझेलचा खर्च उचलणारी संस्था आणि ट्रॅक्टरवाले. म्हणजे ज्यांचे फोटो येतात ते सगळे. तलावाच्या पोटात पाणी ओसरलं की गाळपेर करणारी, म्हणजे ओल्या गाळात काकडी वगैरे लावणारी घरं आहेत, मासेमारीचा ठेका घेतलेली सोसायटी आहे, उन्हाळ्यात मेंढरं तिथंच पाण्याला येतात. यातलं एकही नाव यादीत नाही.

माझं म्हणणं, ज्यांचं नुकसान होणार त्यांच्या दारात पहिल्यांदा जावं. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनालाही हिस्सा, उसाला बंदी. ज्याला हिस्सा आहे तो काम मोडत नाही, राखतो.

भरावाचा_राखणदार
ऐकायला बरं वाटतं. पण तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे बरेचसे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. अभियंता सोबत नसताना पोकलेन उतरवलात आणि ड्रायव्हरने भरावाच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी बकेट घातली, तर पावसाळ्यात तलावच फुटेल. मग कसली गाळपेर आणि कसले मासे! शिवाय 2017पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ काढायला मुभा आहे, वाळूला नाही. हे ठरवून घ्यायला कागद लागतो. घरोघर विचारत बसलात तर मृग निघून जाईल.

माळकरी_शेतकरी
अभियंता नको असं कोण म्हणतंय? परवानगी तो देईल. पण उभ्या काकडीतून ट्रॅक्टर जायला लागला की आडवा येणारा माणूस तुमचा कागद वाचत नाही.

चुलीपासून_चावडीपर्यंत
दोघांचीही यादी पुरुषांचीच. बैठक रात्री आठला, चावडीवर. त्या वेळी आम्ही भाकरी थापत असतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यात आहे. आमच्याकडे शिपाई घरी वही घेऊन येतो आणि सह्या नेतो. हातपंप फेब्रुवारीत ओढ घेतो की एप्रिलमध्ये, हे सरपंचाला विचारून कळणार आहे का?

बागायतदार_पूर्वेकडचा
ताई, मान्य. पण खरा प्रश्न कुणी काढेना. तलावाखाली बोअर कुणाच्या? पाणी मुरलं की ते पहिलं त्यांच्या उसाला जाणार. हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअरला बंदी घातली, ऊस-केळी बंद केली, म्हणून तिथं पाणी टिकलं. बोअरवाल्यांना वर्गणी मागू नका. वर्गणी दिली की तेच मालक होतात (मी स्वतः बागायतदार आहे, म्हणून सांगतो). आधी ग्रामसभेत नियम, मग पोकलेन.

भरावाचा_राखणदार
म्हणजे नियमाच्या भांडणात यंदाचा उन्हाळा गेलाच. बोअरवाले नाराज झाले तर डिझेलचे पैसे कोण भरणार, तेही लिहा.

माळकरी_शेतकरी
गाळ नेणाऱ्याने आपल्या ट्रॉलीचा खर्च आपण करायचा. पोकलेनच्या डिझेलसाठी संस्थेशी बोलणं चाललंय. आणि गाळपेरवाल्यांना शेवटची तोडणी होईपर्यंत मुदत द्यायची, खोदाई दुसऱ्या टोकाकडून सुरू करायची. त्यांच्याशी बोललो, तेव्हा हा तोडगा त्यांनीच सुचवला.